काय तपासायचं नाही, ते आधी ठरवा

मी टेस्टिंगमध्ये आले तेव्हा आमच्याकडे एक एक्सेल शीट होती. सॉफ्टवेअर हिशेबाचं होतं आणि शीटमधल्या टेस्ट केस त्याच्या मेनूच्या क्रमाने लिहिलेल्या होत्या. मेनूत सगळ्यात वर 'मास्टर्स', म्हणजे खातेदाराचं नाव, पत्ता, पिनकोड. सगळ्यात खाली 'वर्षअखेर'. दर रिलीजला आम्ही वरून सुरुवात करायचो आणि वेळ संपेल तिथे थांबायचो. पिनकोडच्या रकान्यात सात आकडे टाकले तर काय होतं, हे आम्हाला तोंडपाठ होतं. वर्षअखेरपर्यंत मात्र आम्ही कधी पोचलोच नाही.

मग ३१ मार्च आला. नवी आवृत्ती घेतलेल्या एका ग्राहकाने वर्ष बंद केलं आणि नव्या वर्षाच्या आरंभीच्या शिलका चुकीच्या आल्या. त्यांच्या अकाउंटंटबरोबर बसून आम्ही दोन रात्री त्या हाताने भरल्या. दुसऱ्या रात्री चहा घेताना तो अगदी सहज म्हणाला, "मॅडम, हे बटण आम्ही वर्षातून एकदाच दाबतो. पण त्यासाठीच तर सॉफ्टवेअर घेतलं ना!"

आम्ही कुणी आळस केला नव्हता. शीटमधल्या शेकडो केस इमानाने चालवल्या होत्या. फक्त कामाचा क्रम आम्ही ठरवला नव्हता. मेनू बनवणाऱ्याने तो आमच्यासाठी नकळत ठरवून टाकला होता. टेस्टिंगला वेळ नेहमीच कमी पडणार आहे. तो कुठे कमी पडू द्यायचा, एवढं तरी आपण ठरवू शकतो. ते कसं ठरवायचं, याची ही एक रीत.

सगळं तपासून का होत नाही

"नीट तपासा, काही राहायला नको," हे प्रत्येक टेस्टरने ऐकलेलं असतं. त्यावर मान डोलावण्याआधी एकदा कागदावर हिशेब मांडा. समजा कर्जाच्या अर्जाचा एकच स्क्रीन आहे. त्यावर दहा रकाने आणि प्रत्येकात तपासण्याजोग्या पाचच किमती. सगळे मेळ तपासायचे तर पाचाचा दहावा घात, म्हणजे ९७,६५,६२५ टेस्ट. एका टेस्टला अर्धा मिनिट धरलं, तरी दिवसरात्र न थांबता नऊ वर्षांहून जास्त वेळ जाईल. आणि हा एकच स्क्रीन झाला.

ऑटोमेशनने वेग वाढतो, पण प्रश्न तोच राहतो, कारण स्क्रिप्ट कशासाठी लिहायची हेही कुणीतरी ठरवावंच लागतं. टेस्टिंगमधून चुका आहेत हे दाखवता येतं, चुका नाहीत हे सिद्ध करता येत नाही, असं संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइकस्ट्रा यांनी साठच्या दशकाच्या अखेरीसच सांगून ठेवलं आहे. म्हणजे आपण जे तपासतो तो नेहमी शितावरून भाताचा अंदाज असतो. शीत कुठलं उचलायचं, तिथे टेस्टरची अक्कल लागते.

जोखमीचे दोन प्रश्न, आणि एक तिसरा

प्रत्येक फीचरसमोर दोन प्रश्न लिहा. इथे काही बिघडण्याची शक्यता किती? आणि बिघडलं तर हानी किती? दोन्हींना एक ते पाच गुण द्या आणि गुणाकार करा. जोखीम मोजण्याची ही सगळ्यात साधी पद्धत. मोठ्या कंपन्यांतले लांबलचक तक्तेही याच गुणाकारावर उभे असतात.

पण एक तिसरा प्रश्नही विचारा: बिघडलेलं कळणार कधी? ॲप उघडताच बंद पडलं तर पाच मिनिटांत फोन खणखणतात आणि तासाभरात जुनी आवृत्ती परत लावता येते. व्याजाच्या गणनेत दर महिन्याला काही पैशांची चूक असेल, तर ती वर्षभर मुकाट वाढत राहते आणि लेखापरीक्षणात सापडते. तोवर हजारो खाती बिघडलेली असतात. कारखान्यांत बिघाडांचं आगाऊ विश्लेषण करताना गांभीर्य आणि वारंवारता यांच्या जोडीने 'चूक पकडली जाण्याची शक्यता' हाही आकडा धरतात, तो याचसाठी. सॉफ्टवेअरमध्ये ओरडणाऱ्या चुकीपेक्षा गप्प बसणारी चूक महागात पडते.

हानी कुणाला विचारायची

हानीचे गुण टेस्टरने एकट्याने बसून देऊ नयेत. आपल्याला स्क्रीन दिसतो, स्क्रीनमागचा व्यवहार दिसत नाही. एका पतसंस्थेच्या ॲपचं काम होतं. खातेउतारा हे सगळ्यात महत्त्वाचं फीचर, असं आम्ही धरून चाललो होतो. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "उतारा छापला नाही तर माणूस उद्या परत येतो. पण पिग्मीची पावती दोनदा पडली, तर तो दुकानदार भर बाजारात संस्थेला नावं ठेवतो." (पिग्मी म्हणजे एजंटने बाजारात फिरून रोज गोळा केलेली बचत.)

म्हणून निदान तिघांशी बोला: प्रत्यक्ष वापरणाऱ्याशी, ग्राहकांचे फोन घेणाऱ्याशी आणि ज्याच्या सहीने पैसे हलतात त्याच्याशी. त्यांना 'हे महत्त्वाचं आहे का?' असं विचारू नका. सगळेजण सगळ्यालाच 'हो' म्हणतील आणि तुमच्या यादीत सगळंच पाच गुणांचं होऊन बसेल. त्याऐवजी जोडीने विचारा: "उद्या सकाळी या दोनपैकी एकच चालणार असेल, तर कुठलं चालू ठेवू?" आठ फीचर असतील तर अशा पंधरा-वीस प्रश्नांत क्रम आपोआप बाहेर येतो.

शक्यता कुठे शोधायची

बिघडण्याची शक्यता डेव्हलपरला माहीत असते, पण त्यालाही प्रश्न नीट विचारावा लागतो. 'कोड बरोबर आहे ना?' याचं उत्तर एकच येणार. मी विचारते, "रिलीजच्या रात्री अडीच वाजता फोन आला, तर तो कशाबद्दल असेल असं वाटतं?" बहुतेक जण क्षणभर थांबतात आणि मग अगदी नेमकी जागा सांगतात.

बाकी खुणा ठरलेल्या आहेत. या रिलीजमध्ये जो कोड बदलला तो. दोन सिस्टिम जिथे एकमेकींशी बोलतात तो सांधा. घाईत, शेवटच्या आठवड्यात आलेली मागणी. एकाने अर्धवट सोडून दुसऱ्याने पुरं केलेलं मॉड्यूल. आणि जुन्या बगांची नोंदवही. चुका सगळीकडे सारख्या पसरलेल्या नसतात, थोड्याच मॉड्यूलमध्ये गर्दी करून राहतात. गेल्या तीन रिलीजचे बग मॉड्यूलवार मोजलेत तर अर्ध्या दिवसात हा नकाशा हाती येतो.

एक खूण मात्र सगळ्यांच्या नजरेतून निसटते: 'हे जुनंच आहे, चालतंय ते.' ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू इथून एरियन-५ हे युरोपीय रॉकेट पहिल्यांदा उडालं आणि चाळीसेक सेकंदांत त्याच्या चिंधड्या झाल्या. दिशा आणि वेग सांगणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर एरियन-४ वरून जसंच्या तसं उचललेलं होतं. तिथे ते वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललं होतं. नव्या रॉकेटचा आडव्या दिशेतला वेग मात्र जास्त होता. त्याच्याशी जोडलेला एक ६४ बिटांचा आकडा १६ बिटांच्या जागेत कोंबताना मावला नाही, कारण त्या जागेत ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या बसत नाही. मुख्य आणि राखीव अशा दोन्ही यंत्रणांत तेच सॉफ्टवेअर असल्यामुळे दोन्ही एकाच कारणाने बंद पडल्या. ज्या भागात चूक झाली, त्याचं उड्डाणानंतर काही कामही उरलेलं नव्हतं. आणि नव्या रॉकेटच्या मार्गाचे आकडे देऊन ही यंत्रणा कुणी तपासलीच नव्हती. जुना कोड नव्या जागी नेला की त्याचे शक्यतेचे गुण वाढवा, तो कितीही वर्षं चाललेला असो.

एक यादी करून बघू

पुन्हा त्या पतसंस्थेच्या ॲपकडे जाऊ. टेस्टर दोन आणि कामाचे दिवस आठ, म्हणजे हातात सोळा मनुष्यदिवस. यादी अशी झाली. पहिला आकडा शक्यतेचा, दुसरा हानीचा:

- दुसऱ्या खात्यात पैसे पाठवणं (नवं पेमेंट गेटवे): ४ × ५ = २०
- पिग्मी एजंटची वसुली आणि सिंक: ४ × ४ = १६
- मुदत ठेवीचं व्याज (नियम बदलला आहे): ३ × ५ = १५
- लॉगिन आणि ओटीपी: २ × ५ = १०
- खातेउतारा: ३ × ३ = ९
- मराठी-इंग्रजी भाषाबदल: ३ × २ = ६
- शाखांचा नकाशा: २ × १ = २
- प्रोफाइल फोटो: २ × १ = २

पैसे पाठवण्याला चार दिवस दिले, पिग्मीला तीन, व्याजाला दोन, लॉगिनला दोन, उताऱ्याला एक, भाषाबदलाला अर्धा. नकाशा आणि फोटो यांना शून्य. उरलेले साडेतीन दिवस दुरुस्त होऊन आलेले बग पुन्हा तपासायला राखून ठेवले. हे राखीव दिवस धरायला लोक विसरतात आणि मग शेवटच्या संध्याकाळी दुरुस्ती न तपासताच बाहेर जाते.

गुणांवर वाद घालत बसू नका. १५ की १६, याने काही बिघडत नाही. यादी वरची, मधली आणि खालची अशा तीन भागांत पडली की झालं. बैठक दोन तासांच्या पुढे गेली, तर समजा की आकड्यांचा खेळ सुरू झाला आहे.

गुणाकाराला कुठे थांबवायचं

एक धोका ओळखून असा. शक्यता पाच आणि हानी एक, याचा गुणाकार पाच. शक्यता एक आणि हानी पाच, याचाही पाचच. कागदावर दोन्ही सारखे, प्रत्यक्षात जमीनअस्मानाचा फरक.

१९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात थेरॅक-२५ या किरणोपचाराच्या यंत्राने सहा रुग्णांना नेमून दिलेल्यापेक्षा कितीतरी पट जास्त मात्रा दिली. काहींचा त्यात मृत्यू झाला. आधीच्या यंत्रांत चुकीची मांडणी झाली तर किरण अडवणारे यांत्रिक अडसर होते. नव्या यंत्रात ते काढून सगळा भार सॉफ्टवेअरवर टाकला होता. काही अपघातांमागची चूक अशी: तंत्रज्ञाने उपचाराचा प्रकार चुकून 'एक्स-रे' टाकला, लगेच 'इलेक्ट्रॉन' असा दुरुस्त केला आणि हे सारं आठ सेकंदांच्या आत उरकलं, तर पडद्यावर दुरुस्ती दिसायची, पण यंत्रात जुन्या-नव्या मांडणीची सरमिसळ व्हायची. सावकाश टाइप करणाऱ्या नवख्याच्या हातून हे घडत नव्हतं. रोज शेकडो वेळा तेच करून ज्याचा हात बसला होता, त्याच्याच हातून घडत होतं. 'असं कोण करतंय?' म्हणून जी शक्यता एक गुणावर ठेवावी, ती इथे सरावाने वाढत गेली.

विमानातल्या सॉफ्टवेअरसाठी वापरलं जाणारं डीओ-१७८सी हे मानक म्हणूनच शक्यतेचा गुणाकार करत नाही. बिघाडाचा विमानावर काय परिणाम होईल, एवढंच पाहून सॉफ्टवेअर ए ते ई अशा पाच पातळ्यांत बसवतं आणि तपासणी किती कडक हवी, ते त्या पातळीवरून ठरतं. आपण विमानं बनवत नसलो तरी नियम उचलण्यासारखा आहे. जीव, मोठी रक्कम किंवा लोकांची खासगी माहिती जिथे गुंतली आहे, तिथे हानीला पाच गुण पडताच गुणाकार बाजूला ठेवा आणि ते फीचर वरच्या गटात टाका. आमच्या यादीत लॉगिनला फक्त दहा गुण होते, तरी दोन पूर्ण दिवस दिले ते यामुळेच.

नुसता क्रम पुरत नाही

जास्त जोखमीचं आधी तपासा, एवढं बहुतेकांना कळतं. पण सगळ्या फीचरना त्याच त्या दहा केस चालवायच्या आणि फक्त क्रम बदलायचा, याने फारसं साधत नाही. जोखीम वाढली की तपासणी खोल गेली पाहिजे.

पैसे पाठवण्याचंच बघा. खालच्या गटात असतं, तर एकदा शंभर रुपये पाठवून, पोचले का पाहून आम्ही पुढे गेलो असतो. वरच्या गटात असल्यामुळे प्रश्न बदलला: पैसे कापले गेल्यावर, पण 'यशस्वी' हा निरोप फोनवर पोचण्याआधी नेटवर्क गेलं तर? कसारा घाटातून जाणाऱ्या गाडीत बसलेला खातेदार चक्र फिरताना बघतो, वैतागतो आणि पुन्हा 'पाठवा' दाबतो. सर्व्हरने ही दुसरी विनंती पहिलीचीच पुनरावृत्ती म्हणून ओळखायला हवी. त्यासाठी ॲपने दोन्ही वेळा एकच व्यवहार क्रमांक पाठवायला हवा. आमच्याकडे दर दाबण्याला नवा क्रमांक तयार होत होता. पैसे दोनदा कापले गेले.

मग याच धाग्याने पुढे गेलो. बटण पटापट दोनदा दाबलं तर? मध्येच ॲप बंद केलं तर? एकच खातं दोन फोनवर उघडून दोन्हीकडून एकदमच सगळी शिल्लक पाठवली तर? रात्री बाराच्या ठोक्याला पाठवलं, तर व्यवहार कुठल्या तारखेला पडतो? गेटवेने 'अयशस्वी' कळवलं आणि दहा मिनिटांनी पैसे पोचलेच तर? यातली प्रत्येक टेस्ट स्क्रीन पाहून संपत नव्हती. दिवसअखेर रोजकीर्द काढून जमा आणि नावे जुळतात का, ते पाहत होतो. पैशाच्या सॉफ्टवेअरमध्ये खरा साक्षीदार रोजकीर्द असते, हिरवी टिकमार्क नव्हे.

पिग्मीचंही तसंच. एजंट सकाळभर बाजारात फिरतो, पावत्या ऑफलाइन फाडतो आणि संध्याकाळी शाखेत येऊन सिंक करतो. आम्ही फोनची तारीख एक दिवस मागे केली, सिंक अर्ध्यावर तोडून पुन्हा सुरू केलं, दुपारी फोन बदलला. व्याजासाठी वेगळी युक्ती: सॉफ्टवेअरच्या गणनेशी ताडून पाहायला संस्थेच्या लेखापालाकडून काही ठेवींचं व्याज हाताने काढून घेतलं. त्यात मुद्दाम लीप वर्षातली, मुदतीआधी मोडलेली आणि सुटीच्या दिवशी मुदत संपणारी ठेव होती.

मधल्या गटात नेहमीचा वापर आणि दोन-चार सीमेवरच्या किमती पुरतात. रकाने फार असतील तर सगळे मेळ सोडून फक्त दोन-दोन रकान्यांच्या जोड्या घ्या. वरच्या कर्ज-अर्जाचे सुमारे ९८ लाख मेळ या पद्धतीने पन्नासच्या आसपास येतात आणि कुठल्याही दोन किमतींची जोडी त्यांत एकदा तरी तपासली जाते. खालच्या गटात एक नजर, किंवा तीही नाही.

यादी एकदाच करून ठेवू नका

पहिल्या दोन दिवसांत खातेउताऱ्यात तीन बग निघाले. जोडाक्षरं फुटत होती आणि दोन पानी उताऱ्यात पुढे ओढलेली शिल्लक चुकत होती. त्या दिवशी उताऱ्याची शक्यता तीनवरून पाच झाली आणि राखीव दिवसांतला अर्धा दिवस तिकडे गेला. दुसरीकडे लॉगिन स्वच्छ निघालं, त्याचा अर्धा दिवस आम्ही पिग्मीला दिला. रोज संध्याकाळी दहा मिनिटं यादीसमोर बसा. सोमवारचे गुण शुक्रवारी जसेच्या तसे असतील, तर टेस्टिंगमधून आपण काही शिकलो नाही असंच म्हणावं लागेल.

आणि यादीत फीचरच नसलेली एक ओळ घाला: रिलीज बाहेर नेण्याची कृती. १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर व्यवहार कंपनीने आपला नवा कोड आठपैकी सात सर्व्हरवर चढवला, आठवा राहून गेला. त्या आठव्यावर कित्येक वर्षं न वापरलेला जुना कोड पडून होता आणि नव्या कोडने जुन्याचाच एक संकेत पुन्हा वापरायला घेतला होता. बाजार उघडताच तो जुना कोड जागा झाला आणि वेड्यासारख्या ऑर्डर सोडत सुटला. सुमारे पाऊण तासात कंपनीचे ४६ कोटी डॉलरहून जास्त बुडाले. कोड कुठे कुठे चढला, परत कसा फिरवायचा आणि तो फिरवून पाहिला आहे का, हेही टेस्टिंगच आहे.

सोडलेल्याची यादी

आता सगळ्यात अवघड काम. रिलीजच्या आधी एक पान लिहा: 'आम्ही काय तपासलेलं नाही.' त्यात तीन रकाने पुरतात: काय सोडलं, का सोडलं, आणि ते बिघडलं तर काय होईल. भाषा साधी ठेवा. 'शाखांचा नकाशा तपासलेला नाही. चुकला तर खातेदार शाखेत फोन करून पत्ता विचारेल.' हे पान मॅनेजरला आणि ग्राहकाच्या माणसाला द्या आणि त्यांचं 'चालेल' लेखी घ्या.

याची भीती वाटते, हे मला ठाऊक आहे. आपण काम अर्धवट टाकलं असं कबूल केल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात उलट घडतं. 'टेस्टिंग ९० टक्के झालं' ऐकून कुणालाच काही कळत नाही, कारण उरलेल्या दहा टक्क्यांत फोटो आहे की व्याज, हे त्यात येत नाही. सोडलेल्याची यादी वाचली की समोरच्याला निवड करता येते: तारीख पुढे न्यायची, आणखी माणूस द्यायचा, की जोखीम पत्करायची. तो निर्णय त्याचा. त्याच्यासमोर खरं चित्र ठेवणं आपलं.

त्या मार्चमध्ये आम्ही अशी यादी लिहिली असती, तर ती एकाच ओळीची झाली असती: 'वर्षअखेर तपासलेलं नाही.' फेब्रुवारीतल्या कुठल्याही मंगळवारी ती ओळ त्या अकाउंटंटच्या हाती पडली असती, तर चहा तिथेच ठेवून त्याने फोन उचलला असता.